निळी चौकट

१

आमच्या जाऊबाईंच्या कंपनीत काहीतरी काळंबेरं घडलंय हे कळलं, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग वाईट वाटलं. मधे बराच वेळ गेला.

भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते.

"तू विमा कंपनीत खोटे दावे पकडायचीस ना?" ते म्हणाले. "जरा ऑफिसात ये. चोरी झालीय."

"काय गेलं?"

"वस्तू काही नाही गेली. कुणीतरी तिर्रीच्या जागी बसून खेळून गेलं."

हे कळायला आधी जाऊबाईंचा धंदा कळायला हवा. लोक पिठाची गिरणी काढतात, शिकवणी काढतात. जाऊबाईंनी माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना दिवसभर संगणकावर पोकर खेळायला बसवलं. स्पर्धेत उतरायचा खर्च कंपनीचा, डोकं खेळणाऱ्याचं, जिंकलं तर दोघांचा वाटा. शिकवायला एक सर. सुरुवातीला सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मग चष्म्याच्या दुकानावरचा तो हॉल त्यांना अपुरा पडायला लागला, तशी बाकीच्यांची नाकं सरळ झाली आणि ते आपापली मुलं तिथे चिकटवायला धावले. माझं नाक मात्र मुरडलेलंच राहिलं. जाऊबाई "माझी माणसं" असं म्हणायच्या ना, तेवढ्यानेही माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नोकरी सोडल्यापासून माझं म्हणायला फक्त इस्त्रीचे कपडे होते.

किती जळत होते याचा एक नमुना देते. मागच्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. जेवणानंतर मुलांनी बदामसात मांडलं. जाऊबाईंनी ऐटीत बदाम सत्तीच्या वर अठ्ठी लावली, ती चौकटची! मुलं फिदीफिदी हसली. "काकू, तुमच्या ऑफिसखालून चष्मा घ्या!" जाऊबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी कुठे आता पत्ते खेळते," म्हणाल्या, "मी फक्त माणसं सांभाळते." पत्त्यांवर कंपनी चालवणाऱ्या बाईला बदाम आणि चौकट कळत नाही, हे मी दुसऱ्याच दिवशी नणंदेला आणि मावससासूबाईंना फोन करून सांगितलं. तो आठवडा फार छान गेला.

तर असा माझा स्वभाव. आणि भाऊजींनी तपासाला बोलावलं होतं मला.

"पोलिसांत का नाही जात?" मी विचारलं.

"पोलिसांना काय सांगू, पत्त्यांचा एक डाव चुकला म्हणून?" भाऊजींचा आवाज खाली गेला. "ही आज संध्याकाळी तिर्रीला काढून टाकतेय. काढून नुसती थांबणार नाही, बाकीच्या कंपन्यांनाही कळवणार आहे. पोरगी रडतसुद्धा नाही गं. नुसती खुर्चीत बसून आहे."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

२

हॉलमध्ये शिरलं की आधी ऐकू येतात ते माऊसचे आवाज. कुणी बोलत नाही. प्रत्येकापुढे दोन पडदे, त्यांवर हिरवी टेबलं आणि चिमुकले पत्ते. तिथे प्रत्येकाला पत्त्याचं नाव मिळतं. तिर्री आली तेव्हा ऑफिसचे फोन उचलायच्या नोकरीवर आली होती, अंगानेही लहानखुरी, म्हणून तिर्री. पुढे ती हॉलमधली सगळ्यात पट्टीची खेळाडू झाली, तरी नाव तेच राहिलं.

जाऊबाई काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या. केबिनचे पडदे नेहमीसारखे ओढलेले. डोळे सुजलेले.

"ह्यांनी उगाच तुला त्रास दिला," त्या म्हणाल्या. "चौकशी करण्यासारखं काही नाही गं त्यात. पोरीचं डोकं फिरलं, झालं."

"आलेच आहे तर बसते थोडा वेळ, ताई."

"बस. चहा सांगते."

चहा आला, त्या आल्या नाहीत. मी तिर्रीसमोर खुर्ची ओढली.

तिने जे सांगितलं ते इतकंच. काल दुपारी वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा शेवटच्या टेबलावर आली होती, आणि एक जण सोडला तर सगळ्यांत जास्त चिप्स, म्हणजे खेळातली नाणी, तिच्याकडे होत्या. सारा हॉल आपापल्या टेबलांवरून मान वळवून तिच्याकडे बघत होता. मधल्या सुट्टीत ती पाणी प्यायला उठली. परत आली तर पडद्यावर 'संपर्क तुटला' अशी पाटी. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये नेटवाल्याकडे धावली. नेट सुरू होतं. मग दोघं आत आले, तोवर तिचं खातं स्पर्धेतून बाद झालं होतं. मधल्या वेळात कुणीतरी तीन डाव खेळलं होतं, आणि तिसऱ्यात सगळं घालवलं होतं.

"संपर्क का तुटला?"

"तेच खातं दुसऱ्या कुठल्या फोनवर उघडलं की पहिल्या पडद्यावर ती पाटी येते. हे मला नंतर कळलं. सगळ्यांना वाटतं की मीच पॅसेजमधून माझ्या फोनवर उघडलं."

"तुझा फोन कुठे होता?"

"इथे, टेबलावर. नेटवाला सांगतोय की मी त्याच्या डोक्यावर उभी होते, दोन्ही हात कमरेवर. पण त्याचं कोण ऐकतंय!"

"खात्याचा पासवर्ड कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे. सरांकडे. ताईंकडे." ती थांबली. "मला नोकरीचं काही नाही हो. पण लोक म्हणतील, तिर्री शेवटच्या टेबलावर विकली गेली. मग मला कुठेच कुणी पत्ते धरू देणार नाही. मला दुसरं काही नीट येतच नाही. हे येतं."

पोरगी खरंच रडत नव्हती. हात मांडीवर एकावर एक ठेवून बसली होती.

उठताना माझं लक्ष तिच्या पडद्याकडे गेलं. कुठलातरी जुना डाव उघडा होता. त्यातली चौकट राणी चक्क निळी होती.

३

नव्वीशी बोलायला त्रास पडला नाही. तो बोलायला टपलेलाच होता. तिर्री येण्याआधी हॉलचा राजा तो होता. आता तो दुसऱ्या नंबरवर होता, आणि दुसरा नंबर त्याच्या तोंडावर लिहिलेला दिसत होता.

"समोरच्याने सगळं टाकलं," तो म्हणाला, "आणि हिने कॉल केला, तेवढ्याच चिप्स स्वतःच्या लावल्या. हातात काय? नुसता एक्का. जोडीसुद्धा नाही. शेंबडं पोरगं असा कॉल करणार नाही. विकली गेली, दुसरं काय!"

"किंवा कुणीतरी तिच्यावर सूड उगवला."

"म्हणजे मी?" तो हसला. "वाटलं होतं मला तसं करावंसं, खोटं नाही बोलणार. पण माझी चार टेबलं सुरू होती, सगळा हॉल साक्षीला आहे. एका क्षणाला हात माऊसवरून उचलला नाही. विचारा कुणालाही."

मी विचारलं. खरं होतं. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "नव्वी तर शिंकलासुद्धा नाही."

भाऊजी खालच्या दारात उभे होते. बायकोच्या ऑफिसात येऊन त्यांना काय करायचं असतं, हे अख्ख्या घराला पडलेलं कोडं. रोज क्लबात पत्ते कुटणारा माणूस. तिथे सगळे त्यांना "बाईंचे मिस्टर" म्हणतात, आणि ते त्यांना फार लागतं.

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"गच्चीवर."

"सोबत कोण?"

"कोणी नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मी पण संशयित का?"

"ताईंचा फोन तुम्हाला उघडता येतो?"

"येतो. लग्नाची तारीख आहे." चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "पटणार नाही तुला, पण पत्ते मी हिच्याकडून शिकलो. नवी नवरी होती तेव्हा अख्ख्या घरात हिला कुणी हरवू शकायचं नाही. बाबा चिडून पत्ते फेकून द्यायचे. आता ही पत्त्याला हात लावत नाही. म्हणते, मी मालकीण आहे. क्लबात मी जिंकतो ना, ते सांगायला हिच्याकडे येतो. ही 'हो का' म्हणते. त्या पोरीचं मात्र सगळ्या जगाला सांगते. म्हणजे, सांगायची."

"तुम्हाला राग येतो?"

"मला? येतो की." भाऊजींनी जिन्याकडे पाहिलं. "त्या पोरीला स्पर्धेतून बाद झालेलं पाहून, एक क्षणभर, बरं वाटलं मला. म्हणून तर तुला बोलावलं."

४

सर हे बारकेसे, वयस्क गृहस्थ. बोलताना हातात कागदी पत्त्यांचा कॅट, आणि तो सतत पिसणं सुरू. सकाळची शिकवणी ते त्या कॅटवरच घेत. शेवटच्या टेबलाचं काय झालं हे मी विचारलं, तर त्यांनी पडद्याकडे बघितलंही नाही. तो डाव त्यांनी पाठ केला होता.

"त्याआधी एक सांगा," मी म्हणाले. "तिर्रीच्या पडद्यावर चौकट निळी का?"

"तिच्याच नाही, सगळ्यांच्या. माझाच नियम आहे." त्यांना विषय आवडला. "एका वेळी चार-चार टेबलं खेळायची म्हटलं की चिन्हं बघत बसायला वेळ कुठला? म्हणून चार रंग लावून देतो. बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं, इस्पिक काळं. काही आठवड्यांत डोळा चिन्ह बघायचंच सोडतो. रंग दिसला की मेंदूला कळतं. पण नव्या फोनवर खातं उघडलं तर आपले नेहमीचेच दोन रंग येतात, सेटिंग बदलावी लागते."

"आणि तुमचा डोळा?"

"माझ्या हातात हे असतात ना." त्यांनी कॅट फडफडवला. "मला दोन्ही येतं."

त्यांनी तो डाव माझ्यासमोर टेबलावर मांडला. पोकरमध्ये दोन पत्ते तुमच्या हातात, पाच सगळ्यांसाठी मधे उघडे. सातांतले चांगले पाच धरायचे. पाच एकाच चिन्हाचे निघाले तर झाला कलर, फार मोठा हात.

"तिच्या खात्याकडे बदाम एक्का आणि बदाम पंजी," सर म्हणाले. "मधे आले बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. म्हणजे चार बदाम जमले, पाचवं आलं की कलर. इथपर्यंत हा माणूस शांतपणे नुसता सोबत चालला, अगदी शहाण्यासारखा. मग ही आली." त्यांनी चौकट दश्शी ठेवली. "हिने त्याचं काहीच भलं केलं नाही. तरीही इथे याने पहिल्यांदा स्वतःहून पैसे टाकले. शेवटी आली इस्पिक राणी. समोरच्याने सगळं टाकलं. आणि याने हो म्हटलं."

"ब्लफ केला असेल."

"ब्लफ पैसे टाकून करतात, बाई. कॉल करून कुणाला फसवणार? समोरच्याचं आव्हान स्वीकारणारा एकतर मुद्दाम हरतोय, नाहीतर आपण जिंकलोय असं त्याला वाटतंय."

"मुद्दाम हरणाऱ्याने पहिल्याच डावात सगळं घालवलं असतं ना?"

सरांचे हात पिसायचे थांबले. "पहिले दोन डाव त्याने व्यवस्थित सोडून दिले. दुसरा तर सोडायला अवघड होता. दोन राण्या होत्या हातात."

इतका वेळ आम्ही सगळे शत्रू शोधत होतो. हा चोर हरवायला आलाच नव्हता. तो जिंकायला बसला होता.

५

सर चहा घ्यायला गेले. मी टेबलावरच्या पत्त्यांकडे बघत बसले. एक्का, पंजी, राजा, सत्ती, दश्शी. लाल, लाल, लाल, लाल, लाल.

आणि मला आमचं घर आठवलं. लाल बदाम सत्ती, वर लाल अठ्ठी. फिदीफिदी हसणारी मुलं.

मी उठून पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले, कारण मला स्वतःचाच भरवसा वाटेना. विमा कंपनीत मी एक शिकले होते. जे खरं ठरावं असं आपल्याला मनापासून वाटतं, ते आधी सात वेळा तपासायचं. आणि हे खरं ठरावं असं मला इतकं वाटत होतं की तोंडाला पाणी सुटलं होतं. जाऊबाई! जिच्या गाडीपासून हसण्यापर्यंत सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं, ती माझी जाऊबाई! तिच्याच हॉलमध्ये, तिच्याच माणसाच्या जागी चोरून बसलेली!

म्हणून मी उलट बाजूने भांडून पाहिलं. दश्शी बदामाची समजून कॉल करणारा कोण असेल? भाऊजी नाहीत, ते रोज कागदी पत्ते धरतात, झोपेतही चौकट ओळखतील. सर नाहीत. नव्वीचा डोळा या हॉलमध्ये तयार झालेला, तो चुकला असता, पण तो जागेवरून हलला नव्हता. तिर्री पॅसेजमध्ये कमरेवर हात ठेवून उभी होती.

उरली एक बाई, जी म्हणते की मी पत्त्याला हात लावत नाही. मग तिला अठ्ठी चुकायचं कारण काय? ज्याला पत्ते येत नाहीत तो उलट चिन्ह निरखून बघतो. आणि हिला तर येत होते. सासऱ्यांना रडकुंडीला आणण्याइतके येत होते. ते येणं कुठे गेलं? का त्याच्या जागी दुसरंच काही आलं?

पण रविवारची एक चूक म्हणजे पुरावा नव्हे. आणि ती एकदा पोळली होती, लाल पत्त्यांवर आता फसणार नव्हती.

सर परत आले. मी त्यांचा कॅट मागितला.

"सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा," मी म्हणाले. "तिर्रीलाही."

६

जाऊबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. मागे भाऊजी, भिंतीला टेकून नव्वी, दाराजवळ सर आणि तिर्री. बाहेर हॉलमधली खेळणारी मंडळी उठून घरी निघायच्या बेतात होती.

"काय ते लवकर सांग," जाऊबाई म्हणाल्या. "मला तिचं पत्र टाइप करायचंय."

"ताई, आधी एक पोरखेळ. मी पाच पत्ते दाखवते. कलर आहे की नाही, एवढंच सांगायचं. पटकन. भाऊजी, तुम्ही."

मी चार बदाम आणि एक चौकट उघडली.

"छे. चौकट घुसलीय," भाऊजी लगेच म्हणाले.

पत्ते बदलले. "नव्वी?"

"कलर!" नव्वी म्हणाला, मग पुढे वाकला आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. ही पण चौकट? हे कागदी पत्ते म्हणजे वैताग आहे."

मी पुन्हा पत्ते बदलले. "ताई?"

चार बदाम, एक चौकट. जाऊबाईंनी मान पुढे केली. एकेक पत्ता वाचला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मला ओळखीची चमक दिसली. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करून दाखवला होता तेव्हाची.

"नाही," त्या म्हणाल्या. "चौकट आहे ती. संपला तुझा खेळ?"

"एकच शेवटचा."

मी पाच काळे पत्ते मांडले.

"हा आहे," त्या क्षणात म्हणाल्या. "इस्पिकचा कलर."

सर पुढे आले. त्यांनी त्या पाचांतला एक पत्ता बोटाने हळूच पुढे सरकवला. किलवर छक्की.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ही हिरवी असते ना, आपल्याकडे?"

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊजी," मी विचारलं, "तुमच्या हिला किलवर आणि इस्पिक कधी चुकलेलं आठवतं?"

भाऊजींनी बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"हा डोळा या हॉलमध्येच तयार होतो," मी म्हणाले. "चार रंगांत, खूप दिवस, रोज बसल्याशिवाय होत नाही. काल ज्याने दश्शी बदामाची समजून कॉल केला त्याचाही डोळा असाच होता. आणि त्याच्याकडे पासवर्ड होता. तिर्री पॅसेजमध्ये होती, नव्वी खुर्चीत होता. ताई, तुम्ही पडदे ओढून इथे काय करत होता?"

७

मला वाटलं होतं त्या चिडतील, मला केबिनबाहेर काढतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्यातून एक छोटा नवा फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"संगणकावर खेळते मी," त्या म्हणाल्या. "दार लावून. खोट्या नावाने, छोट्या टेबलांवर. कित्येक महिने झाले. जिंकते पण." हे शेवटचं त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं. "काल सगळे हिच्याकडे माना वळवून बघत होते. माझा हॉल, माझी माणसं, आणि सगळे हिच्याकडे. ही पाणी प्यायला उठली. मला वाटलं, एक डाव. मी तिच्या जागी, एकच डाव. पहिला सोडला. दुसरा सोडला. मग एक्का-पंजी आली, दोन्ही बदाम, आणि मग उठवेना."

"मग सांगायचं ना, ताई," तिर्री म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "माझं नाव गेलं असतं."

"सांगणारच होते. काल सांगणार होते. तेवढ्यात ह्यांनी हिला बोलवायचं काढलं," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासमोर सांगू? रविवारी एक अठ्ठी चुकली तर हिने गावभर फोन केले! सगळ्यांनी मला विचारलं, चष्मा लागला का म्हणून. मालकीण नापास झाली, हे हिच्या हातात देऊ? त्यापेक्षा पोरगी गेलेली परवडली, असं वाटलं मला. खरंच वाटलं. मी इतकी नीच आहे."

मी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा, आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. बोलली ती तिर्री.

ती टेबलाजवळ आली. त्या पोरीला रागवायचा पूर्ण हक्क होता, आणि ती रागावलेली होतीच. पण खेळाचा विषय निघाला की तिला खोटं बोलता यायचं नाही.

"दुसऱ्या डावात दोन राण्या होत्या ना?" ती म्हणाली. "मधे एक्का आल्यावर तुम्ही सोडल्या?"

"सोडल्या. तो एक्का त्याच्याकडे होता, दिसतच होतं."

"मला सोडवल्या नसत्या," तिर्री म्हणाली. "मी तिथेच अडकले असते."

तेव्हा जाऊबाई रडल्या. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. भाऊजी त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "दोन राण्या सोडल्यास? खरंच सोडल्यास?" आणि मी तिथे उभी होते, तपास लावलेली, जिंकलेली, आणि माझ्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखायला लागलं होतं. असं वाक्य मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पुढचं जाऊबाईंनी स्वतः केलं. तोंड धुतलं, हॉलमध्ये गेल्या, निघालेल्या मंडळींना थांबवलं आणि सगळं सांगितलं. नव्वीचं तोंड उघडं राहिलं. तिर्रीने कामावर राहायला एकच अट घातली. तिच्या खात्याचा पासवर्ड फक्त तिच्याकडे राहील. जाऊबाईंनी मान डोलावली. मग तिर्रीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून सरांना विचारलं, "उद्यापासून शिकवणीला इथे बसू का? सगळ्यांबरोबर?"

"नाव काय लावू?" सरांनी विचारलं.

"नव्या माणसाचं काय लावता?"

"दुर्री."

"मग दुर्री."

कुणीतरी आधी हसलं आणि मग सगळा हॉल हसला, आणि त्याही हसल्या. मी जिना उतरले.

यजमानांनी रात्री विचारलं, काय निघालं, तेव्हा मी सगळं सांगितलं. नणंदेला मात्र फोन केला नाही. हात दोनदा गेला, पण नाही केला.

रविवारी पुन्हा सगळे जमले. मुलांनी बदामसात मांडलं. जाऊबाईंनी हातातला पत्ता डोळ्यांजवळ नेला, चिन्ह नीट बघितलं, तशी मुलं पुन्हा फिदीफिदी करायला लागली.

"गप्प बसा रे," मी म्हणाले. "शांतपणे खेळू द्या तिला."

जाऊबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सत्तीवर अठ्ठी लावली. बदामाचीच होती.

डावही तिनेच जिंकला, मेलीने.